हातगुण

तिने चिमट्याने काच फिरायची थांबलेल्या भिंगरीवरून उचलली, दिव्याखाली तिरकी धरली आणि श्वास रोखला. कडेला गवती पिवळा, त्याच्या आत तांबूस आणि मग सगळीभर वांग्याच्या सालीसारखा चकचकीत जांभळा. साबणाच्या फुग्यावर दिसतात तसलेच हे रंग. थर इतका पातळ, की त्याला स्वतःचा रंगच नसतो. उजेड त्याच्यावर खेळून जातो आणि जाता जाता त्याची जाडी सांगून जातो.

"रंग तर फक्कड आलाय," शेजारी उभे असलेले इन्स्पेक्टर म्हणाले.

"रंग रोजच फक्कड येतो."

काच तिने हॉट प्लेटवर ठेवली. शेकून झाल्यावर थंड होऊ दिली आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. काय दिसणार हे डोळा लावायच्या आधीच माहीत होतं, तरी लावला. जांभळ्या थरावर बारीक तड्यांचं जाळं पसरलं होतं, तळं आटल्यावर चिखल फाटतो तसं.

"आहेत?"

"आहेत."

इन्स्पेक्टर हे काही पोलीस खात्यातले नव्हते. या क्लीन रूमचे ते अभियंते. हवेत धुळीचा कण जास्त दिसला तरी त्याची चौकशी लावायचे, म्हणून हे नाव पडलं होतं आणि त्यांनी ते पदवीसारखं स्वीकारलंही होतं. माणूस सज्जन, पण नियमांच्या बाबतीत सख्ख्या भावालाही दारातून परत पाठवील असा. आत्ता मात्र ते नियमांबद्दल काही बोलले नाहीत. तिच्या हातातली काच हळूच काढून घेतली आणि टाकाऊ काचांच्या डब्यात ठेवली. डबा भरत आला होता.

काम तसं सांगायला सोपं होतं. काचेवर आधी टायटॅनियम ऑक्साइडचा एक पातळ थर द्यायचा, त्यावर सेंद्रिय रंगद्रव्याचा दुसरा. वरचा थर ऊन गिळून वीज मोकळी करतो, खालचा त्या विजेला बाहेरची वाट दाखवतो. खालच्या थराला तडे असले, की वरचं द्रव्य त्यांत शिरून थेट तळाला टेकतं आणि मग वीजबीज काही नाही, सगळा कारभार आटोपला. हा खालचा थर एरवी भट्टीत कडक भाजावा लागतो. तो मंद आचेवरही अखंड होतो, हे तिने आपल्या मार्गदर्शक बाईंच्या प्रयोगशाळेत असताना करून दाखवलं होतं. मंद आच म्हणजे उद्या तो काचेऐवजी प्लॅस्टिकवर देता येणार, चटईसारखी गुंडाळी करून कुठेही नेता येईल अशी सौर पट्टी करता येणार. त्या एका शोधनिबंधावर तिला नाव मिळालं, नोकरी मिळाली आणि ही क्लीन रूमही मिळाली.

मग जगभरातून पत्रं यायला लागली. आम्ही तुमच्या पद्धतीने केलं, तडे जातात. कुठे चुकतंय कळवाल का? सुरुवातीची पत्रं फार गोड होती. हळूहळू त्यांतला गोडवा कमी होत गेला. तिने सगळ्यांना सविस्तर उत्तरं लिहिली. दुसऱ्यांना जमत नाही, इथवर ती ताठ मानेने उभी होती. पण नवी प्रयोगशाळा सुरू झाली आणि आता तिला स्वतःलाच जमत नव्हतं. तेच द्रावण, तीच काच, तीच धुण्याची रीत. जुन्या खोलीत जे सहज व्हायचं, ते या लखलखीत खोलीत होईना.

निबंध मागे घ्यायचा, असं तिने ठरवलं होतं. त्याला बाईंची संमती हवी होती, कारण त्यावर दोघींची नावं होती. फोनवर सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. तिने बाईंना बोलावून घेतलं होतं, आणि बाई आजच यायच्या होत्या.

बाई आल्या त्या नेहमीप्रमाणे वेळेच्या आधी, खांद्याला पिशवी आणि हातात छत्री घेऊन. आभाळ निरभ्र होतं, पण बाईंचा आभाळावर विश्वास नसे. निवृत्त झाल्यापासून त्या जरा वाळल्या होत्या, चाल मात्र तीच, तुरुतुरु.

"काय गं, तोंड का असं सुकलंय?" खुर्चीत टेकायच्याही आधी त्यांनी विचारलं. "तुला एवढी मोठी प्रयोगशाळा देऊन कोणी शिक्षा केल्यासारखी दिसतेस."

तिने चहा मागवला. चहा येईपर्यंत इकडचं तिकडचं बोलायचं ठरवलं होतं, पण ते काही जमलं नाही. तिने सगळं सांगून टाकलं, खालमानेने, टेबलाच्या कडेवर अंगठा घासत. बाईंनी मध्ये एकदाही अडवलं नाही.

"म्हणजे मागे घ्यायचा म्हणतेस."

"हो."

"खोटं होतं का ते?"

"नाही हो बाई! तुम्ही तर रोज समोर होतात."

"होते. म्हणून तर विचारतेय."

"पण ते परत होत नाहीये. जे परत करून दाखवता येत नाही, ते खरं कसं म्हणायचं? तुम्हीच शिकवलंय."

बाईंनी कप उचलला, एक घोट घेतला आणि खाली ठेवला.

"शिकवलंय खरं," त्या म्हणाल्या. मग थोडं थांबून, "आणि तू लक्षात ठेवलंयस. बरं वाटलं ऐकून."

तिला वाटलं होतं बाई रागावतील, निदान खचतील. आयुष्यभराच्या कामातलं हे एक काम असं होतं, की ज्याच्यासाठी लोक बाईंना अजून ओळखत. ते हातचं जाताना कोणी 'बरं वाटलं' म्हणतं का? पण बाई तशाच होत्या. त्यांच्यापुढे बसलं की तिला स्वतःची भीती थोडी लहान वाटायला लागायची.

"सही हवी असेल तर देईन," बाई म्हणाल्या. "बुडालं तर दोघींचं नाव बुडेल, त्याचं काही एवढं नाही. पण न बघता नाही देणार. चल, भिंगरी दाखव आधी. रडायचं असलं तर नंतर रडू."

भिंगरी म्हणजे काच गरगर फिरवणारं यंत्र. काचेवर द्रावणाचा थेंब सोडायचा आणि ती वेगाने फिरवायची; जास्तीचं द्रावण उडून जातं आणि उरतो तो थर. यंत्राचं खरं नाव लांबलचक आहे. भिंगरी हे नाव बाईंच्या जुन्या खोलीत पडलं, आणि तिथून शिकून गेलेला प्रत्येक जण जिथे गेला तिथे ते घेऊन गेला.

'हातगुण' हा शब्दही तिथलाच. ती बाईंच्या खोलीत रुजू झाली तेव्हा तिथे आणखीही विद्यार्थी होते, तिच्याहून हुशार, तिच्याहून टापटिपीचे. पण हा थर कोणालाच साधेना. तिने केला आणि पहिल्याच झटक्यात नाही, पण लवकरच तो अखंड आला. मग येतच राहिला. बाहेरून पाहुणे येत, आपापल्या काचा बरोबर आणत, तिच्याच बाटलीतलं द्रावण तिच्याच भिंगरीवर फिरवत आणि तडे घेऊन परत जात. "हिला हातगुण आहे," बाई कौतुकाने सांगत. "एखाद्या डॉक्टरला असतो ना, तसा." घरी मात्र या हातगुणाची थट्टा चालायची, कारण बशी धुवायला घेतली की ती फुटलीच म्हणून समजावं. "तिकडचा गुण तिकडेच ठेवून येतेस वाटतं," असं तिचा नवरा म्हणायचा. ती हसायची, पण मनातून तिला तो शब्द फार आवडायचा. बुद्धी पुष्कळांना असते. हातगुण मागून मिळत नाही.

आणि आता तो गेला होता. निबंध गेल्याचं दुःख तिने बाईंना सांगितलं. हे दुसरं मात्र तिला कोणालाच सांगता येत नव्हतं.

क्लीन रूमच्या दाराशी इन्स्पेक्टरांनी बाईंना नियम समजावून सांगितले. पावडर नाही, काजळ नाही, अत्तर नाही. डोक्याला टोपी, पायांत मोजे, अंगावर पांढरा झगा आणि मास्क नाकाच्या वर.

"मास्क अजिबात खाली घ्यायचा नाही, बाई," ते म्हणाले. "श्वास म्हणजे काय? ओलावा, थुंकीचे कण, जंतू. खरं सांगू का, या खोलीतली सगळ्यात मोठी घाण म्हणजे माणूस."

"आमचे वडीलही हेच म्हणायचे," बाई टोपीत केस कोंबत म्हणाल्या, "पण ते गिऱ्हाइकांबद्दल."

बाईंच्या वडिलांचं आरशांचं दुकान होतं. काच घासून पुसून तिच्या पाठीवर चांदीचा मुलामा चढवायचं काम ते स्वतः करायचे, आणि बाईंचं बालपण त्या दुकानातच गेलं होतं. पातळ थर मी विद्यापीठात नाही, आमच्या दुकानाच्या माळ्यावर शिकले, असं त्या वर्गातही सांगायच्या.

आत गेल्यावर बाई लहान मुलीसारख्या सगळीकडे पाहत राहिल्या. कौतुक करण्यात त्यांनी कधी हात आखडला नव्हता. छतातून सतत खाली वाहणारी गाळलेली हवा, कोरडेपणा दाखवणारे आकडे, काचा धुवायच्या सुरेख टाक्या, शेजारची वाळवणारी भट्टी. प्रत्येक गोष्टीपुढे थांबून त्या इन्स्पेक्टरांना विचारत होत्या आणि उत्तर मिळालं की "वा!" म्हणत होत्या. इन्स्पेक्टर त्या मास्कच्या आत खुलले होते. त्यांच्या खोलीला इतक्या मनापासून 'वा' म्हणणारं कोणी आजवर आलं नव्हतं.

"आमच्या खोलीत पंखा लावला की कागद उडायचे," बाई म्हणाल्या, "आणि नाही लावला की आम्ही."

मग तिने काम सुरू केलं. बाई हात पाठीमागे बांधून शेजारी उभ्या राहिल्या. तिने भट्टीतली काच काढली, भिंगरीवर बसवली, द्रावण ओढून घेतलं. वाकताना तिने सवयीने श्वास रोखला. थेंब पडला, काच फिरली, रंग उमटले. शेकणं झालं. बाईंनी स्वतः सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ तो काढला नाही.

"तडे आहेत," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि तुझं काहीच चुकत नाहीये."

हे वाक्य त्यांनी उच्चारलं नसतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. चूक असती तर सुधारता आली असती. तिने मान फिरवली आणि उगाचच चिमटे सरळ रेषेत लावायला घेतले. बाईंनी काचांच्या डबीतून पुढची काच उचलली, कडेने धरून उजेडाकडे केली, आणि विचारांच्या तंद्रीत मास्क हनुवटीखाली ओढून त्या काचेवर हलकेच 'हाऽ' केलं.

"अहो बाई!" इन्स्पेक्टर ओरडलेच.

बाई दचकल्या. मास्क झटकन वर गेला. "अगंबाई! सवयीने झालं हो. काच स्वच्छ आहे की नाही बघायची ही आमची घरची रीत. वाफ सारखी धरली तर स्वच्छ, डाग दिसले तर परत धुवायची."

"ते बघायला आपल्याकडे यंत्र आहे, बाई," इन्स्पेक्टर शक्य तितक्या मऊपणे म्हणाले. "ती काच आता बाद झाली. द्या इकडे."

झगा, टोपी आणि मास्क यांच्यामध्ये बाईंचे फक्त डोळे दिसत होते, पण ते फार ओशाळले होते. आयुष्य काचा हाताळण्यात गेलेल्या बाई, आणि त्यांनी धरलेली काच घाण झाली म्हणून टाकायची! तिने इन्स्पेक्टरांच्या आधी हात पुढे केला.

"राहू द्या. मी हीच घेते."

"मॅडम, पण—"

"तडे तर असेही जातातच. मग ही काय अन् ती काय."

बाईंचं मन राखायचं, एवढाच तिचा हेतू होता. थर चांगला यावा अशी अपेक्षाही तिने या वेळी केली नव्हती, त्यामुळे श्वासही रोखला नाही. बाईंना त्यांच्या प्रवासाबद्दल काहीबाही विचारत तिने थेंब सोडला, काच फिरवली, शेकायला ठेवली आणि त्या उत्तर देत असतानाच ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

काही दिसलं नाही. तिला वाटलं नजर नीट जुळली नाही. तिने चाक मागे फिरवलं, पुढे फिरवलं, काच डावीकडे सरकवली, उजवीकडे सरकवली. सगळीकडे नुसता सपाट जांभळा. अगदी कडेला एक धुळीचा कण सापडला आणि तो लख्ख, रेखीव दिसला. म्हणजे नजर जुळलेलीच होती.

"अहो इन्स्पेक्टर, जरा बघता का?"

त्यांनी पाहिलं. "काही दिसत नाहीये, मॅडम."

"नाही ना?"

"नाही. काहीच नाही." आणि मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं. त्यांनी मान वर केली आणि तिघंही एकमेकांकडे बघत राहिले.

आधी बोलल्या त्या बाई. "ओलावा," त्या पुटपुटल्या. "द्रावण घट्ट व्हायला त्याला पाणी लागतं..."

"...आणि भट्टीतून काढलेल्या काचेवर ते नाहीच," ती म्हणाली. "काच कोरडी ठणठणीत. थर वरून आवळत जातो..."

"...खाली त्याला धरायला काही नसतं. मग फाटणारच तो! आणि श्वासाने काचेवर पाण्याचा एवढासा पापुद्रा राहिला तर खालून घट्ट धरतो."

जुन्या खोलीत त्या अशाच बोलायच्या, एकीने वाक्य सुरू करायचं आणि दुसरीने पुरं करायचं. क्षणभर तिला अगदी तिथे असल्यासारखं वाटलं. पुढच्याच क्षणी तिला प्रश्न पडला.

"पण बाई, तिकडे मी कधी काचेवर श्वास सोडत नव्हते. मी भट्टीतून काढलेल्या काचा झाकणाच्या डबीत ठेवून घरी जायचे. सकाळी आले की डबी उघडून थेट कामाला."

बाई मास्कची नाडी नीट करण्यात गुंतल्या.

"बाई?"

"तू यायच्या आधी मी बघून ठेवायचे," बाई म्हणाल्या.

"माझ्या काचा? रोज?"

"रोज." बाई आता जमिनीकडे बघत होत्या. "सुरुवातीला तुझ्या काचा धुतलेल्या म्हणवत नसत गं. डाग राहायचे, बोटांचे ठसे राहायचे. आणि तुझा उत्साह तर असा की विचारू नकोस. बोलले असते तर हिरमुसली असतीस. म्हणून मी सकाळी लवकर येऊन एकेकीवर वाफ धरून तपासायचे. डाग असला की परत धुवायचे, वाळवायचे, पुन्हा वाफ धरून बघायचे आणि झाकून ठेवायचे."

इन्स्पेक्टरांना त्याच वेळी भिंतीवरचे आकडे तपासणं फार गरजेचं वाटलं. ते पाठ करून उभे राहिले.

तिचे कान तापले. पाहुण्यांच्या घोळक्यात ती ऐटीत थेंब सोडायची ते तिला आठवलं. सोबत्यांना ती समजावून सांगायची, मनगट असं सैल ठेवा, घाई करू नका. मनगट! बाकीचे आपापल्या काचा आपण नीट धुवायचे, म्हणून त्यांच्या काचांकडे कोणी पाहत नव्हतं आणि त्यांचे थर फाटत होते. तिला धड धुता येत नव्हतं, म्हणून तिचे थर अखंड येत होते. तिला हसावं की रडावं ते कळेना.

"खात्री करून घेऊ," ती कशीबशी म्हणाली. "कदाचित तुमच्याच श्वासात काही असेल. इन्स्पेक्टर, इकडे या. मास्क काढा."

"मी?"

"तुम्हीच. यावर श्वास सोडा."

इन्स्पेक्टरांनी एकदा दाराकडे पाहिलं, एकदा वरच्या जाळीकडे, आणि कोणाची तरी क्षमा मागत असल्यासारखा मास्क खाली केला. त्यांचा 'हाऽ' इतका लाजरा होता, की बाईंना हसू फुटलं. त्या काचेवरही थर अखंड आला. मग तिने स्वतः एका काचेवर श्वास सोडला. तोही अखंड आला. शेजारी मुद्दाम कोरडी ठेवलेली काच मात्र ठरल्याप्रमाणे फाटली.

"श्वास नाही चालणार, मॅडम," मास्क वर चढवताच इन्स्पेक्टर पुन्हा इन्स्पेक्टर झाले. "मी मोजून वाफ सोडायची सोय करतो. आकडा निघाला की कोणालाही जमेल."

"कोणालाही," तिने मान हलवली. निबंध वाचला होता. मागे घ्यायची गरज नव्हती, त्याला एक दुरुस्ती जोडली की पुरे. जगभरातल्या त्या सगळ्या पत्रांना आता खरं उत्तर देता येणार होतं. तिला आनंद झाला होता, खराखुरा झाला होता. त्या आनंदाखाली काहीतरी दुखत होतं, एवढंच.

"दुरुस्तीत तुमचा उल्लेख वेगळा करते," ती बाईंना म्हणाली.

"काय लिहिणार? बाईंनी श्वास सोडला?" बाई झगा उतरवत म्हणाल्या. "तो तर मी सगळीकडेच सोडते. काही लिहायचं नाही. वाफेचं लिही."

बाईंना सोडायला ती बसथांब्यापर्यंत चालत गेली. रस्त्यावर दुपारचं ऊन होतं. बाईंनी छत्री उघडली आणि निम्मी तिच्या डोक्यावर धरली. बाई ठेंगण्या, त्यामुळे छत्रीची काडी सारखी तिच्या केसांत अडकत होती. थांब्यावर बाकडं रिकामं होतं. दोघी बसल्या. बाई मजेत होत्या, इन्स्पेक्टरांचा तो लाजरा 'हाऽ' त्यांनी दोनदा करून दाखवला.

ती हसली. मग म्हणाली, "म्हणजे हातगुण वगैरे काही नव्हतंच."

बाई तिच्याकडे वळल्या.

"तुम्ही सगळ्यांना सांगायचात. मला खरंच वाटायचं."

"मलाही खरंच वाटायचं," बाई म्हणाल्या. "मला तरी कुठे माहीत होतं?"

रस्त्यापलीकडे एक माणूस दुकानाचं शटर ओढत होता. तिच्या मनात मघापासून एक गोष्ट जुळत नव्हती. प्रयोगात अशी न जुळणारी गोष्ट दिसली की ती सोडायची नाही, हेही बाईंनीच शिकवलं होतं.

"बाई, किती दिवस परत धुवत होतात माझ्या काचा?"

"सुरुवातीचे काही महिने. मग तू शिकलीस की, आपली आपणच."

"नक्की?"

"अगं, नंतर एकही परत धुवावी लागली नाही."

"मग तुम्ही बघायचं सोडायला हवं होतं," ती म्हणाली. "पण सोडलं नाहीत. सोडलं असतंत तर माझेही थर फाटले असते. ते शेवटपर्यंत नीट येत होते. म्हणजे तुम्ही शेवटपर्यंत एकेका काचेवर श्वास सोडत होतात. काचा स्वच्छ होत्या तर कशाला? भरवसा नव्हता माझा?"

"भरवसा कसला?" बाई म्हणाल्या. त्यांनी छत्री मिटली, तिच्या घड्या एकेक करून नीट बसवल्या आणि पट्टी लावली. "बघायला आवडायचं."

"काय?"

"वाफ जाताना. डागाळलेल्या काचेवरून ती तुकड्यातुकड्यांनी जाते. चांगल्या धुतलेल्या काचेवरून चारही कडांनी सारखी आत आत सरकते आणि मधोमध नाहीशी होते. वडिलांच्या हातची काच तशी असायची. ते गेल्यावर मी तशी कुणाच्याच हातची बघितली नव्हती." बाई समोर बघत बोलत होत्या. "तुझी एक बघितली की दुसरी बघावीशी वाटायची. सगळ्या बघून झाल्या, की डबी झाकून तुझी वाट बघत बसायचे."

बस आली. बाई उठल्या, पिशवी खांद्याला लावली आणि पायरीवर पाय ठेवता ठेवता वळून म्हणाल्या, "आणि बशा फोडू नकोस."

बस वळणाआड गेली तरी ती थांब्यावरच उभी होती. मग चालत परत आली. क्लीन रूममध्ये मात्र गेली नाही, बाहेरच्या धुण्याच्या खोलीत गेली. तिने झगा चढवला नाही, मास्क लावला नाही. काचांचा एक नवा संच घेतला आणि तो टाकीत आपल्या हातांनी धुतला, कडेने धरून, न घाई करता, जसा ती रोज धुवायची. वाळून झाल्यावर तिने त्यातली एक काच खिडकीशी धरली आणि तिच्यावर अलगद श्वास सोडला.

काच पांढुरकी झाली, सगळीकडे सारखी. मग चारही कडांनी ती पांढुरकी वाफ हळूहळू आत सरकू लागली, लहान होत गेली आणि मधोमध नाहीशी झाली.

मग तिने दुसरी काच उचलली.